मदत हवी आहे : माणूस नेमताना दार लावून बैठक घेता येते का?

नमस्कार भाऊ-ताई. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य. नळवाल्या काकांनी काम सोडलं, त्यांच्या जागी पाणीपुरवठा कर्मचारी घ्यायचा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ६१ प्रमाणे पंचायत कर्मचारी नेमू शकते, एवढं ठाऊक आहे.

अडचण अशी की अर्जदारांत एका सदस्याचा सख्खा पुतण्या आहे. ते म्हणतात, "पोट्टा आपलाच हाय, ठराव घेऊन टाका." सरपंचताईंचं म्हणणं, अर्ज दार लावूनच तपासू, नाहीतर कोण किती शिकला, कोणावर केस आहे, सगळं पानठेल्यावर निघेल. हे मला अर्धं पटतं. पण इतिवृत्तात दोनच ओळी लिहिल्या अन् उद्या कोणी माहिती अधिकारात कागद मागितले तर?

छाननी आपसात ठेवून ठराव उघड सभेत घेता येतो का? पुतण्याच्या सदस्य काकांनी त्या विषयापुरतं बाहेर बसावं, की कलम १४ मधली हितसंबंधाची अपात्रताच लागते? कोणी अर्जदारांच्या गुणांचा तक्ता केला असेल तर नावं खोडून इथे पाठवा ना. मासिक सभेच्या आत पाहिजे. सध्या शिपाईच व्हॉल्व्ह फिरवतो, अन् खालच्या वस्तीत पाणीच पोचत नाही.