मदत हवी आहे : पैठणीच्या काठाची जर फॉन्डंटवर कशी उतरवावी? (मद्यार्काशिवाय, ऐन पावसाळ्यात)

नमस्कार मंडळी,

मी लालबागला राहते आणि गेली सहा वर्षे घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. आषाढी एकादशीनंतरच्या रविवारी मुलुंडच्या एका घरी आजींचा अमृतमहोत्सव आहे आणि त्यांच्या नातीने माझ्याकडे तीन किलोचा, दोन मजल्यांचा, बिनअंड्याचा केक सांगितला आहे. आजींची लग्नातली जांभळी पैठणी त्यांनी मलमलीत गुंडाळून आजवर जपली आहे, आणि केकच्या दोन्ही थरांना त्याच पैठणीचा नारळी काठ हवा, अशी घरच्यांची इच्छा आहे. नात फोटो न पाठवता ती पैठणीच माझ्याकडे घेऊन आली. खिडकीपाशी काठ जरा कलता धरला की जरीवर प्रकाशाची एक रेघ सरकत जाते, आणि हात स्थिर ठेवला की तीच जर शांत, किंचित तपकिरी दिसते. मला केकवर हे सरकणे हवे आहे, नुसता पिवळा रंग नको. ते मला अजून जमलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण अशी की घरात चातुर्मास पाळला जातो आणि केकमध्ये मद्यार्काचा थेंबही नको, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले आहे. एरवी सोनेरी लस्टर डस्ट, म्हणजे केकवर लावायची चमकदार पूड, व्होडकात कालवून ब्रशने लावण्याची रीत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मद्यार्क झटकन उडून जातो, साखरेला विरघळायला वेळच मिळत नाही आणि चमक तेवढी मागे राहते. लिंबाचा अर्क वापरावा असे पुष्कळजण सुचवतात, परंतु तो अर्कही बहुधा मद्यार्कातच काढलेला असतो, त्यामुळे तो वापरणे म्हणजे त्या घराला दिलेला शब्द मागच्या दाराने मोडणे होईल.

गेल्या आठवड्यात मी फॉन्डंटच्या, म्हणजे केकवर लाटून चढवायच्या साखरेच्या आवरणाच्या, तीन तुकड्यांवर प्रयोग केले. पहिल्यावर पूड पाण्यात कालवून लावली. फॉन्डंट म्हणजे शेवटी साखरच, त्यामुळे पृष्ठभाग विरघळून चिकट झाला आणि ब्रशचे फराटे उमटून जरीऐवजी ओल्या हळदीचा लेप दिल्यासारखे दिसू लागले. दुसऱ्यावर कोरडी पूड मऊ ब्रशने फिरवली. चमक नाजूक आणि सुरेख आली, पण ती मोत्याची झाक वाटते, धातूची नव्हे. शिवाय लाटताना वापरलेले कॉर्नफ्लोअर जिथे राहून गेले होते, तिथे ती अगदीच मंद पडली. तिसऱ्यावर वनस्पती तुपाचा अगदी पातळ हात फिरवून त्यावर पूड लावली, आणि या वेळी सोने खरोखर सोन्यासारखे दिसले. मात्र तो तुकडा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढला तेव्हा पाच मिनिटांत त्यावर दव धरले आणि थेंबांबरोबर सोने जांभळ्या भागावर ओघळले. या दिवसांत मुंबईची हवा इतकी दमट असते की थंड केक बाहेर आला की त्याला घाम फुटणारच, हे मला कळते. तो काठावर कसा फुटू द्यायचा नाही, हे कळत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला चमकेहून अधिक महत्त्वाची वाटते. मी आतापर्यंत वापरत असलेली सोनेरी पूड क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातल्या एका दुकानातून, सुट्या छोट्या डबीत घेतली होती. या ऑर्डरीच्या निमित्ताने डबी उलटी करून नीट वाचली, तेव्हा तिच्यावर ‘बिनविषारी’ आणि ‘केवळ सजावटीसाठी’ एवढेच शब्द आढळले. घटकांची यादी नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक नाही, हिरवा ठिपका नाही. बिनविषारी म्हणजे खाण्यायोग्य नव्हे, हे मी वाचले होते. तरी डबी हातात असताना ते लक्षात आले नाही, याचे मला फार वाईट वाटले. अमेरिकेत 2018 साली ऱ्होड आयलंड राज्यात अशाच न खाण्याजोग्या पुडीचा जाड थर दिलेला वाढदिवसाचा केक खाऊन लहान मुलांना उलट्या झाल्या होत्या आणि तपासणीत त्या पुडीत तांबे सापडले होते. मे महिन्यात मी एका वर्षाच्या बाळाच्या केकवर याच डबीतल्या पुडीने मुकुट रंगवला होता. मी त्याच्या आईला फोन करून सगळे स्पष्ट सांगितले. सुदैवाने मुकुट कोणी खाल्लेला नव्हता, त्यांनी तो आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवला होता. डबी मी टाकून दिली आहे.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे की मद्यार्क न वापरता काठाला धातूची झळाळी कशी आणावी, गडद जांभळ्यावर सोने फिके पडू नये म्हणून खाली कोणता रंग घ्यावा, आणि लालबागहून मुलुंडपर्यंतच्या तासाभराच्या प्रवासात ते पुसले जाऊ नये यासाठी काय करावे, हे कृपया सविस्तर सांगावे. पूड विकत घेताना लेबलावर नेमके काय पाहावे, हेही कोणी लिहिले तर इतरांनाही उपयोग होईल.

प्रतिसाद

ताई, डबी टाकलीत आणि त्या आईला फोन केलात, हे उत्तम केलेत. मी ठाण्याला केकचे वर्ग घेते, आणि पहिल्या दिवशी विद्यार्थिनींना ब्रश देण्याआधी लेबल वाचायला लावते. खाण्यायोग्य पुडीवर घटक लिहिलेले असतातच. त्यात बहुधा अभ्रक, म्हणजे खाद्यघटकांच्या यादीतला क्रमांक 555, आणि त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड 171 किंवा लोहाची ऑक्साइडे 172 यांचा लेप असतो. यांपैकी 171 वर युरोपीय संघाने 2022 पासून खाद्यपदार्थांत बंदी घातली आहे, त्यामुळे कोणी ग्राहकाने विचारले तर आपल्याला उत्तर देता आले पाहिजे. गुलाबी आणि तांबूस छटांमध्ये 120 दिसला तर तो किड्यापासून काढलेला रंग असतो, आणि वरून मारायच्या काही चकाकीच्या द्रावांत लाख असते. चातुर्मास पाळणाऱ्या घरासाठी हे दोन्ही टाळावे.

आता जरीविषयी. तुम्ही रंगवण्याचा विचार सोडून द्या. ही चमक अभ्रकाच्या चपट्या कणांची असते, आणि ते कण गुळगुळीत पृष्ठभागावर आडवे निजले तरच प्रकाश एका दिशेने परततो. ओल्या ब्रशने ते वेडेवाकडे बसतात. म्हणून काठ सिलिकॉनच्या साच्यात घ्या. नारळी काठाचा तयार साचा मिळाला नाही तर सीएमसी (फॉन्डंट कडक करणारी, भिजवल्यावर चिकटणारी खाद्य पूड) घातलेल्या फॉन्डंटचे त्रिकोण कापून एक मूळ पट्टी करा, ती कडक वाळू द्या आणि तिच्यावर खाद्यपदार्थांसाठीची दोन भागांची सिलिकॉन पुटी दाबून साचा घ्या. मूळ पट्टीवर सुईने बारीक आडव्या रेघा ओढायला विसरू नका, कारण तुम्ही म्हणता ते प्रकाशाचे सरकणे या रेघांमुळेच येते. मग कोरडी पूड साच्यात मऊ ब्रशने भरा, जास्तीची झटकून टाका आणि फॉन्डंट दाबून बसवा. साच्यात कॉर्नफ्लोअर अजिबात नको. पूडच फॉन्डंटला चिकटू देत नाही आणि सुटताना सगळी चमक त्याच्या अंगावर येते.

पट्टीसाठी फॉन्डंट जांभळा घेऊ नका, मधाच्या किंवा कॅरमेलच्या रंगाचा घ्या. पांढऱ्यावर सोने लिंबासारखे दिसते आणि जांभळ्यावर हिरवट. पाव किलो फॉन्डंटला एक छोटा चमचा सीएमसी मळा, पट्ट्या आदल्या दिवशी करून पंख्याखाली सुकवा आणि पाण्यात भिजवलेल्या सीएमसीचा बारीकसा ठिपका मागून लावून ऐनवेळी चिकटवा. पूर्ण कडक होण्याआधी पट्टी केकच्याच घेराच्या डब्याभोवती टेकवून वाळवा, म्हणजे लावताना ती मोडणार नाही. दहा इंची थराला साडेएकतीस इंच काठ लागतो, तेव्हा चार तुकडे करा आणि जोड मागच्या बाजूला न लपवता मोराच्या नक्षीखाली घ्या. मोराच्या डोळ्यापुरता सोन्याचा वर्ख लावलात तरी शोभेल. चांदीच्या वर्खाच्या बाबतीत एफएसएसएआयच्या 2016 च्या नियमानुसार तो करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरता येत नाही. सोन्याचा घेतलात तर विक्रेत्याला हाच प्रश्न विचारून घ्या.

दवाचे म्हणाल तर काठ लावलेला केक फ्रीजमध्ये ठेवायचाच नाही. आत पांढऱ्या चॉकलेटचे गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण, तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम असे घ्या आणि ते घट्ट झाल्यावर फॉन्डंट चढवा. ठेवावाच लागला तर खोक्यात बंद करून ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोके तसेच बंद राहू द्या. दव खोक्यावर धरेल, केकवर नाही.

धागाकर्तीचे उत्तर

ताई, मनःपूर्वक आभार. तुमचे उत्तर वाचून मी लेबल पाहूनच नवी डबी आणली. तिच्यावर घटक, परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका तिन्ही आहेत. काल रात्री साच्यातून पहिली पट्टी काढली. सुईने ओढलेल्या रेघांवर प्रकाश अगदी पैठणीसारखाच सरकला. मी ती पट्टी आजींच्या काठाशेजारी धरून पाहिली, आणि माझ्या सासूबाईंनी क्षणभर चुकीच्या काठाला हात लावला.

एकच अडचण उरली आहे. गुरुवारपासून पाऊस थांबलेला नाही, आणि चोवीस तास पंख्याखाली ठेवूनही पट्टी अजून वाकते आहे. सीएमसी दीड चमचा करावा, की पट्ट्या बंद खोलीत एसी लावून वाळवाव्यात? सीएमसी वाढवल्यास पट्टीला तडे जातील अशी मला भीती वाटते. उद्या संध्याकाळपर्यंत कोणी सांगितले तर दुसरी तुकडी त्याप्रमाणे करते.