ज्येष्ठांचा आरोग्यविमा आणि जुने आजार : आपापले अनुभव सांगावेत

शीवकर
शेजारच्या काकूंनी काल विम्याचा अर्ज भरून देण्यास सांगितले आणि ‘मधुमेह आहे का, असल्यास कधीपासून’ हा रकाना समोर येताच मला वडिलांचा अर्ज आठवला. तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही होते, आणि एका कंपनीने कागदपत्रे न पाहताच फोनवर नकार कळवला होता. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून नवा विमा घेण्यासाठीची पासष्टीची वयोमर्यादा काढली असून ज्येष्ठांसाठी आणि जुने आजार असलेल्यांसाठीही योजना ठेवण्यास कंपन्यांना सांगितले आहे. तरीही तपासण्या पाहून नकार देण्याचा अधिकार कंपनीकडे राहतोच. तुमच्या घरी कोणाला विमा मिळाला, कोणत्या अटींवर मिळाला, आणि क्लेमच्या वेळी तो कामी आला का, हे कृपया लिहावे.

परळची सून
सासूबाईंचा अर्ज भरताना एजंट म्हणाला, “ताई, या वयात रक्तदाब कोणाला नसतो? लिहू नका, उगाच हप्ता वाढेल.” आम्ही रक्तदाब, थायरॉइड, गोळ्यांची नावे आणि सुरू झाल्याचे वर्ष असे सगळे लिहिले. हप्ता वाढला, हे खरे आहे. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “रक्तदाब किती वर्षांपासून?” त्या धावपळीत घरचे लोक अंदाजाने काहीतरी आकडा सांगतात, तो केसपेपरवर चढतो आणि कंपनी नंतर नेमका तोच आकडा अर्जाशी ताडून पाहते. आमच्याकडे अर्जाची प्रत फाईलमध्ये वरच लावलेली होती, तीच मी डॉक्टरांपुढे धरली. टीपीएने, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, जुने कागद मागितले, पण दोन्हीकडे वर्ष एकच असल्यामुळे क्लेम मंजूर झाला.

मुलुंड पूर्व
वरील प्रतिसाद प्रत्येकाने वाचावा. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, मात्र फसवणूक सिद्ध झाल्यास येतो, एवढी त्यात भर घालतो. पूर्वीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिने असतो, तो पूर्वी ४८ होता. मधुमेह आणि रक्तदाबासाठी काही योजनांमध्ये अधिक हप्ता घेऊन तो कमी करून देतात. मोतीबिंदू आणि गुडघेबदल यांचा प्रतीक्षा काळ बहुधा वेगळा लिहिलेला असतो, तो स्वतंत्र पाहावा.

बोरिवलीचे आजोळ
आजीला डायलिसिस सुरू झाल्यावर खासगी विमा कोणीच देईना, त्यामुळे आम्ही ७० वर्षे आणि त्यावरील ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढले. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. उत्पन्नाची अट नाही, आजार पात्रतेच्या आड येत नाही आणि प्रतीक्षा काळही नाही. वय मात्र आधार कार्डावरूनच धरतात. वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. आजीच्या बोटांचे ठसे उमटेनात, कारण आयुष्यभर भांडी घासून ते झिजले आहेत. शेवटी मोबाईलवर आलेल्या ओटीपीने काम झाले. रुग्णालय योजनेत आहे की नाही, हे आधी विचारावे लागते. बाह्यरुग्ण विभागाचा खर्च यात येत नाही, म्हणून रोजच्या गोळ्या आम्ही जनऔषधी केंद्रातून आणतो.

गिरगावकर
आजींना आराम पडो. माझे सासरे केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले असून त्यांच्याकडे सीजीएचएस, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांची सरकारी आरोग्य योजना, आहे. त्यांना हे कार्ड मिळेल का?

बोरिवलीचे आजोळ
धन्यवाद. सीजीएचएस असणाऱ्यांना दोहोंपैकी एकच निवडावे लागते. खासगी मेडिक्लेम असणाऱ्यांना मात्र दोन्ही ठेवता येतात.

पार्लेकर काका
माझे वय ७२ असून हृदयात स्टेंट आहे. एका कंपनीच्या माणसाने, “तुमचे प्रपोजल बसत नाही,” एवढेच तोंडी सांगितले. मी नकार कारणासह लेखी मागितला, कारण तो मिळणे हा आपला हक्क आहे. त्या पत्रात तपासणीतील ज्या बाबीवर बोट ठेवले होते, तिचा ताजा अहवाल आणि हृदयरोगतज्ज्ञांचे पत्र जोडून दुसऱ्या कंपनीकडे अर्ज केला. तिथे वाढीव हप्ता आणि २० टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा माझा, अशा अटींवर पॉलिसी मिळाली. अटी जाचक आहेत, पण छत्र आहे, आणि या वयात मी ते सोडणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेल्यामुळे थोडा दिलासा मिळाला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

परळची सून
काका, क्लेम अडल्यास आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

शीवकर
सर्वांचे मनापासून आभार. काकू ६८ वर्षांच्या आहेत, म्हणजे वय वंदना कार्डाला अजून अवकाश आहे. त्यामुळे रविवारी त्यांच्या घरी बसून जुन्या चिठ्ठ्यांवरून मधुमेहाचे नेमके वर्ष शोधणार आहे आणि अर्ज त्यानंतरच पाठवणार आहे.