कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीत जुन्याच सोल्युशनवर नवं टाकलं तर चालतं का?

प्रश्न: महिनाभराच्या सॉफ्ट लेन्स आहेत. सोल्युशन महाग पडतं, म्हणून विचारतोय.

उत्तर १: नाही. वापरलेल्या सोल्युशनची जंतू मारायची ताकद संपत आलेली असते, त्यात नवंही पातळ होतं. डबीला आतून बुळबुळीत थर धरतो. डोळ्याला संसर्ग करणारा स्यूडोमोनास हा जंतू तिथेच वाढतो. सकाळी डबी ओतून द्या, ताज्या सोल्युशनने चोळून धुवा, पुसून उघडी उपडी ठेवा. डबी ३ महिन्यांनी टाकून द्या. काटकसर दुसरीकडे करा!

उत्तर २: नळाचं पाणी डबीलाही नको, त्यात अकँथामीबा हा डोळ्याला संसर्ग करणारा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्स घालून झोपणं तर त्याहून वाईट.

उत्तर ३: डोळा लाल, दुखरा, उजेड सोसवेना? लेन्स काढा, पण फेकू नका. डबीसकट त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या, तपासणीला लागते. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब परस्पर घालू नका.