ग्रीन टीने लिव्हर सुधारतं का? बाबांचं एसजीपीटी (रक्तात तपासतात ते लिव्हरचं एन्झाइम) वाढून ७८ आलंय

सातारची_पोरगी:
बाबा ५८ वर्षांचे, दारूला कधी हात नाही लावला तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ निघालं. आईने त्यांचा दुधाचा चहा बंदच केलाय, सकाळी उपाशीपोटी ग्रीन टी, वर मामेभावाने ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या गोळ्या आणून दिल्यात, म्हणे अँटिऑक्सिडंटने लिव्हरच्या पेशी वाचतात. बाबा बिचारे चार वाजले की ओट्याशी घुटमळतात. ह्यात खरंच काही तथ्य आहे का?

जुना_फार्मसीवाला:
तथ्य आहे पण ते मुख्यतः उंदरांपुरतं. एमफार्मला आम्ही उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे विष द्यायचो, लिव्हरमधलं एन्झाइमच त्याचं फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी रिॲक्ट होणारा कण, बनवतं, ते पेशीच्या आवरणातल्या फॅटवर तुटून पडतं, पेशी फुटली की आतलं एसजीपीटी रक्तात उतरतं. चांगलं लिव्हर गडद तांबूस, गुळगुळीत असतं, ह्यांचं फिकट पिवळं पडलेलं असायचं. अशा उंदरांना आधी चहातले कॅटेचिन नावाचे अँटिऑक्सिडंट दिले, त्यातही ईजीसीजी हे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन, तर नुकसान कमी होतं, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पण बाबांच्या लिव्हरला त्रास विषाचा नाही, साठलेल्या चरबीचा आहे.

मिरजेची_वहिनी:
ताई, गोळ्या आधी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा!! माझ्या जावेने वजन कमी करायला अशाच घेतल्या होत्या, महिन्याभरात लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे, ॲडमिट करावं लागलं. गोळ्या बंद केल्यावर हळूहळू उतरलं सगळं, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

जुना_फार्मसीवाला:
वहिनी म्हणतात ते अगदी बरोबर. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये हेच सांगितलं, गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरची एन्झाइम वाढू शकतात, आणि काहींना त्याहून कमीतही त्रास झालाय. उपाशीपोटी ते रक्तात जास्त शोषलं जातं म्हणून आणखी वाईट. पानं उकळत्या पाण्यात टाकून केलेला साधा ग्रीन टी मात्र सहसा चालतो.

सातारची_पोरगी:
आत्ता डबी बघितली, ५०० मिलिग्रॅम एक्स्ट्रॅक्ट, दिवसातून दोनदा, त्यात ईजीसीजी किती ते लिहिलेलंच नाही 😟 मग दुधाचा चहा?

जुना_फार्मसीवाला:
द्या की, साखर काढा फक्त. आपली चहा पावडर पण त्याच झाडाची, पानं ऑक्सिडाइज होतात तेव्हा कॅटेचिनचे थिअफ्लेविन आणि थिअरुबिजिन बनतात, चहाचा तो तांबूस रंग त्यांचाच. आणि वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवायचं बघा, फॅटी लिव्हरला त्याच्याइतका गुण कशानेच येत नाही.

सातारची_पोरगी:
गोळ्या बंद, डबी घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जातोय. बाबांना आत्ता अर्धा कप बिनसाखरेचा आल्याचा चहा दिला, एक शब्द न बोलता बशीत ओतून प्यायले 🙏