अँकिरिनसारखी पुनरावर्ती प्रथिने: घडी एककाची पडते की दोन एककांमधल्या सांध्याची?

फोंडा_जीवरसायन (प्रश्न)

नमस्कार. मी गोव्यात जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. पुनरावर्ती प्रथिनात एकच छोटा तुकडा, म्हणजे एकक, थोड्याफार फरकाने ओळीने पुन्हा पुन्हा येतो; अँकिरिन एककात सुमारे 33 अमिनो आम्ले असतात. त्यांत पाठीला पाठ लावलेले दोन छोटे हेलिक्स (मळसूत्री वळसे) आणि एक लांब वळण असते, आणि अशी एकके ओळीने रचली गेली की प्रथिन तयार होते. माझ्या मनात चित्र आहे ते चिऱ्यांच्या गडग्याचे: आधी चिरा तासायचा, मग चिऱ्यावर चिरा. तसे असेल तर एकच एकक वेगळे काढले तरी त्याची घडी (साखळीचा ठरावीक त्रिमितीय आकार) टिकायला हवी, पण वाचनात नेमके उलटे येते. दुसरे असे की, जनुकाच्या एकाच तुकड्याची द्विरुक्ती होऊन ही प्रथिने वाढली असतील, तर एकाच प्रथिनातली शेजारशेजारची एकके अमिनो आम्लांच्या क्रमात इतकी वेगळी का असतात? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

ताळगाव_पठार

तुमची उपमा जिथे मोडते तिथेच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. खाणीतून काढलेला चिरा एकटाही चिराच राहतो. अँकिरिनचे एकक एकटे पडले की त्याला निश्चित आकारच उरत नाही.

मायोग्लोबिनसारख्या गोलाकार प्रथिनात साखळीवर एकमेकांपासून फार दूर असलेली अमिनो आम्लेही घडी पडल्यावर भिडतात आणि सर्वांचा मिळून एक जलद्वेषी (पाणी टाळणारा) गाभा तयार होतो. पुनरावर्ती प्रथिनात असा एकच मध्यवर्ती गाभा नसतो. प्रत्येक एकक फक्त स्वतःशी आणि लगतच्या दोन शेजाऱ्यांशी संपर्कात असते. आता 33 अमिनो आम्लांत पाण्यापासून लपवण्याजोगे फारसे काही मावत नाही. एककाची जलद्वेषी बाजू झाकली जाते ती शेजारी येऊन टेकल्यावरच. म्हणून ऊर्जेचा हिशेब मांडला तर एकट्या एककाची घडी तोट्याची ठरते आणि दोन एककांमधला सांधा इतका फायद्याचा ठरतो की तो हा तोटा भरून काढून वर शिल्लक ठेवतो. या हिशेबासाठी चुंबकत्वाचे 1925 चे आयसिंग प्रतिमान (प्रत्येक घटकाची स्थिती लगतच्या शेजाऱ्यांवर अवलंबून मानणारे) जवळजवळ जसेच्या तसे वापरले जाते. अशी उसनवारी इतकी चपखल बसलेली जीवशास्त्रात क्वचितच पाहायला मिळते.

याची प्रायोगिक तपासणीही झाली आहे. अनेक अँकिरिन क्रमांची सरासरी काढून तयार केलेली एक, दोन, तीन आणि चार एककांची कृत्रिम प्रथिने 2002 साली तपासली गेली, तेव्हा तीन आणि चार एककांच्या प्रथिनांची घडी नीट पडली, एक आणि दोन एककांच्या प्रथिनांची पडली नाही.

मात्र सगळे सांधे सारखे मजबूत नसतात. कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी16 या प्रथिनात चारच एकके आहेत. त्यांतली शेवटची दोन आधी घडतात आणि उलगडताना पहिली दोन आधी सैल होतात. फळमाशीच्या नॉच प्रथिनात घडीची सुरुवात मधल्या एककांपासून होते, पण शेवटच्या बाजूला अधिक स्थिर एकके जोडली तर घडीचा मार्गच बदलून ती सुरुवात त्या टोकाकडे सरकते. सर्वसाधारण गोलाकार प्रथिनाचा घडीमार्ग असा हवा तसा वळवणे सोपे नसते.

दोनापावल_वाचक

वरच्या उत्तराला उत्क्रांतीची बाजू जोडतो. संपर्क केवळ शेजाऱ्यांपुरते असल्यामुळेच मध्ये एखादे एकक वाढले किंवा गळले तरी इमारत कोसळत नाही. असमान क्रॉसिंग ओव्हरमध्ये (गुणसूत्रांची तुकड्यांची देवाणघेवाण थोडी सरकून झाली की) 99 बेसचा, म्हणजे डीएनएच्या 99 अक्षरांचा, अख्खा तुकडा जादा आला, तर तो तीनच्या पटीत असल्याने पुढचे वाचनही बिघडत नाही. टोकाच्या एककांचे तसे नाही. त्यांची एक बाजू पाण्याकडे उघडी असते, म्हणून तिथे जलस्नेही अमिनो आम्ले लागतात. मधले एकक उचलून टोकाला लावले तर जलद्वेषी पृष्ठभाग उघडा पडतो. त्यामुळे वाढ बहुधा मध्ये टिकते, टोकाला नाही.

आता शेजाऱ्यांमधल्या फरकाविषयी. एककाच्या सांगाड्याला आधार देणाऱ्या जागा, उदाहरणार्थ थ्रिओनिन-प्रोलिन-ल्युसिन-हिस्टिडिन ही चौकडी, बऱ्यापैकी जपल्या जातात. बदलतात त्या पृष्ठभागावरच्या जागा, कारण दुसऱ्या प्रथिनाला धरण्याचे काम त्यांच्याकडे असते. झुरिकमध्ये आंद्रेआस प्लुकथुन यांच्या गटाने डार्पिन नावाची कृत्रिम बंधक प्रथिने तयार केली ती याच तत्त्वावर: मधल्या प्रत्येक एककात सात जागा मोकळ्या सोडल्या, बाकी सांगाडा कायम ठेवला आणि दोन्ही टोकांना झाकणासारखी वेगळी एकके बसवली.

स्नायूंतल्या टायटिन या अनेक घड्यांच्या लांब प्रथिनामध्ये फरकाचे आणखी एक कारण दिसते. तिथली प्रत्येक घडी स्वतंत्रपणे उभी राहते, पण शेजारच्या दोन घड्यांचा क्रम फार सारखा असेल तर एकीचा धागा दुसरीत गुंतून चुकीची घडी पडण्याचा धोका असतो. अशा बहुघडी प्रथिनांत लगतच्या शेजाऱ्यांमधले साम्य बहुतांशी 40 टक्क्यांच्या आत आढळते, असे 2005 साली दाखवले गेले.

फोंडा_जीवरसायन

आपणा दोघांचे मनापासून आभार. एक शंका उरते. शेजारी सारखे असणे इतके धोक्याचे असेल, तर डार्पिनमधली जवळजवळ एकसारखी एकके सुरळीत कशी घडतात? आणि निसर्गात असे उदाहरण आहे का?

खाजन_भात

आहे, आणि ते आपल्या शेतातलेच आहे. भातावर कडा करपा आणणारा झँथोमोनास जिवाणू टाल नावाची प्रथिने भाताच्या पेशीत सोडतो. त्यांत बहुधा 34 अमिनो आम्लांची एकके ओळीने असतात आणि ती जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. ठळक फरक असतो तो 12 व्या आणि 13 व्या जागी. प्रत्येक एकक डीएनएवरचे एक अक्षर ओळखते आणि कोणते ओळखायचे ते प्रामुख्याने ही जोडी ठरवते. हे कोडे 2009 साली उलगडले. ही साखळी डीएनएभोवती वेटोळे घालत जाते.

सारखेपणाचा धोका इथे का भोवत नाही, तर टायटिनसारखी नव्वद-शंभर अमिनो आम्लांची स्वतंत्र घडी आणि तिच्यात दूरवरून येऊन बसणारे धागे इथे नाहीत. जवळचे जवळच्यालाच टेकते. अँकिरिनचे आणि डार्पिनचेही तेच आहे, त्यामुळे भलतीकडे गुंतायला वाव कमी.

उलट जिवाणूला या सारखेपणाचा लाभच होतो, कारण सारख्या तुकड्यांमध्ये पुनर्संयोजन (डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल) सहज घडते आणि एककांची संख्या व क्रम बदलून नवे लक्ष्य गाठता येते. पीटीएचएक्सओ1 हे टाल प्रथिन भाताच्या स्वीट11 या शर्करावाहक जनुकाला चालू करते आणि जिवाणूला साखर मिळते. ज्या वाणांत एक्सए13 हे या जनुकाचे बदललेले रूप असते, तिथे टाल प्रथिनाला बसायला जागा सापडत नाही आणि वाण रोगाला दाद देत नाही. परंतु ज्या जिवाणूकडे एव्हीआरएक्सए7 हे वेगळ्या क्रमाचे टाल प्रथिन असते, तो स्वीट14 चालू करून तोच कार्यभाग साधतो. म्हणून केवळ एक्सए13 च्या भरवशावर लावलेले पीक अशा जिवाणूपुढे टिकत नाही.