नवा टॅब: वाचन आणि ब्राउझिंगचे पहिले अनुभव (अनुभव धागा)

खटपट्या
जुन्या वस्तूंच्या धाग्यावर कुणीतरी 'आकाश' टॅबलेटचा फोटो टाकलाय, त्यावरून हे सुचलं. 5 ऑक्टोबर 2011 ला सरकारने वाजतगाजत आणलेला. 7 इंच, 256 एमबी रॅम, 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि रेझिस्टिव्ह स्क्रीन, म्हणजे बोट नुसतं टेकवून भागायचं नाही, दाबायला लागायचं. आता मध्यम किमतीतही 11 इंची टॅब मिळतो, तरी पहिल्या दिवशीची तक्रार तीच: "पीडीएफमधलं अक्षर बारीक दिसतं."

कारण प्रोसेसर नाही, पान आहे. 16:10 (लांबी-रुंदीचं प्रमाण) चा 11 इंची टॅब उभा धरला की रुंदी साधारण 14.8 सेंमी. ए-फोर पान 21 सेंमी. म्हणजे 70 टक्के, 12 पॉइंटचं अक्षर साडेआठचं होतं. 8.7 इंची टॅबवर तेच साडेसहाच्या आसपास, मग रफार आणि अनुस्वार ओळखायला अंदाजपंचे. आपली नेहमीची डेमी आकाराची पुस्तकं (साडेपाच बाय साडेआठ इंच) मात्र 11 इंचावर जवळपास मूळ आकारात बसतात. त्यामुळे आधी आपण काय वाचणार ते ठरवा आणि मग इंच बघा. दुकानात उलटं चालतं.

तुम्ही काय बदललंत, काय अडलं, लिहा. गेम आणि चित्रकला नको.

दौतटाक
समास कापा! रीडएरा अ‍ॅपमध्ये पीडीएफ उघडून क्रॉप मार्जिन्स. ए-फोर पानावरचा मजकूर साडेसोळा सेंमीच्या आसपास असतो, समास गेला की 70 चे 90 टक्के होतात. 12 चं अक्षर पावणेअकरा. दोन पानं शेजारी-शेजारी स्कॅन केलेली फाइल असेल तर तिथेच पान मधोमध तोडायची सोय आहे. अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत.

कडीपत्ता
आडवा धरला तर मोठं नाही का दिसत?

दौतटाक
दिसतं, 113 टक्के. पण अर्ध्याहून कमी पान दिसतं. सलग मजकुराला चालेल. दिवाळी अंकातले दोन-तीन स्तंभ असले की वर-खाली वर-खाली करून जीव जातो.

उंबरठा
आयपॅडचा आकार ए-फोरला जास्त जुळतो. 2360 गुणिले 1640, गुणोत्तर 1.44, ए-फोरचं 1.41. वर-खाली काळ्या पट्ट्या जवळजवळ नाहीत. पान 75 टक्क्यांवर बसतं. एसडी कार्ड नाही हे लक्षात ठेवा, 128 जीबी म्हणजे 128 च.

निवांत
आकाश 😂 घरोघरी येणार होता तो.

खटपट्या
@निवांत धागा भरकटवू नका, मीच सुरुवात केली असली तरी.

पानगळ
पिक्सेल घनता, म्हणजे एका इंचात किती ठिपके, कुणी लिहिली नाही अजून. इंग्रजी 150 वर वाचवतं, देवनागरीला ते पुरत नाही. 'द्ध', 'क्ष्म', 'ष्ट्य' मिटतात. 10.1 इंच 1280×800 म्हणजे 149. 11 इंच 1920×1200 म्हणजे 206, हे बरं. आयपॅड 264. किंडल 300. खोक्यावर "एचडी" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नये, आकडे बघावेत.

सुपारी
इकडे कुकर लावलाय म्हणून पटकन लिहिते. पहिल्या दिवशी टॅब मठ्ठ वाटतो तो मठ्ठ नसतो. मागे सिस्टिम अपडेट, प्ले स्टोअरचे अपडेट, फोटोंचं सिंक, सगळं एकदम चालू असतं. गरमही होतो, बॅटरीही धडाधड उतरते. वायफायवर आणि चार्जरला लावून रात्रभर सोडायचा, सकाळी रीस्टार्ट, मग मत बनवायचं. नंतर स्क्रीन टाइमआउट 30 सेकंदांवरून 10 मिनिटांवर न्यायचा, नाहीतर परिच्छेद संपायच्या आत अंधार. ऑटो रोटेट बंद, कुशीवर वळलं की पान वळतं.
आले शिट्टी

कडीपत्ता
सुपारीताई स्वयंपाकघरात कसा वापरायचा? हळदीचे हात

सुपारी
झिपलॉकच्या पिशवीत घालून. प्लॅस्टिकवरून टच चालतो, पातळ आणि ताणून बसलेली हवी. गॅसपासून लांब, वाफेचं पाणी स्पीकरच्या जाळीतून आत जातं. आणि पिशवीत चार्जिंगला लावू नका, तापतो.

बांधबंदिस्ती
ब्राउझिंगवर लिहितो. मराठी बातम्यांची संकेतस्थळं टॅबवर वैताग देतात. मधोमध व्हिडिओ, खाली जाहिरात, बाजूला जाहिरात, बातमी चार ओळी. अँड्रॉइडवर क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन चालतं. फायरफॉक्स उघडून मेनूतून एक्स्टेंशन्स, तिथून यूब्लॉक, झालं. त्यात नुसता मजकूर दाखवणारा रीडर व्ह्यूही आहे, पत्त्याच्या पट्टीत कागदाचं चिन्ह दिसलं की दाबा. चिन्ह दिसलं नाही तर त्या पानाची मांडणी त्याला कळली नाही, दुसरा इलाज नाही.
रॅम 4 जीबी असेल तर ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की जुनी पानं पुन्हा लोड होणारच. त्यामुळे अर्धवट लिहिलेला प्रतिसाद उडतो. मोठा प्रतिसाद नोट्समध्ये लिहून मग चिकटवा.

निवांत
बरं झालं सांगितलंत. हा प्रतिसाद नोट्समध्ये लिहिलाय.

बांधबंदिस्ती
एक ओळ?

निवांत
सवय लागावी म्हणून :)

दौतटाक
जुन्या पुस्तकांचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आर्काइव्ह डॉट ऑर्गवरची स्कॅन केलेली पीडीएफ स्वस्त टॅबवर रडते, पान उलटायला काही सेकंद लागतात. आतल्या प्रतिमा बहुधा जेपीईजी 2000 प्रकारच्या असतात, त्या उलगडायला प्रोसेसरला जड. संगणकावर पानं साध्या जेपीईजीत काढायची, करडी, 200 डीपीआय. डेमी पान साधारण 1100 गुणिले 1700 पिक्सेलचं होतं, 1200 रुंदीच्या स्क्रीनला नेमकं. सगळी पानं झिप करून नावाची शेपटी .cbz (सीबीझेड, चित्रपानांच्या पुस्तकाची फाइल) करायची. पानांची नावं 001, 002 अशी ठेवा, नाहीतर काही अ‍ॅपमध्ये 1 नंतर 10 येतं.
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत पीडीएफ पुस्तकं, ई-बालभारतीची पाठ्यपुस्तकं, सगळं थेट टॅबमध्ये घेता येतं. फक्त शोध चालेल असं धरू नका. स्कॅनमध्ये मजकूरच नसतो. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेल्या फाइलीत मजकूर दिसतो छान, पण आत रोमन चिन्हांचा कचरा. कॉपी केलं की कळतं.

पानगळ
मग त्याचं काय करायचं?

दौतटाक
गूगल ड्राइव्ह. संगणकाच्या ब्राउझरमधून पान चढवा, राइट क्लिक, ओपन विथ, गूगल डॉक्स. चित्रातली मराठी अक्षरं ओळखून मजकूर काढून देतं. फाइल 2 एमबीच्या आत, म्हणजे थोडी थोडी पानं. स्तंभ असतील तर ओळी एकमेकींत घुसतात, आधी चित्र कापून घ्या. नाकापेक्षा मोती जड होणार नाही एवढ्याच पुस्तकांना करा.

उंबरठा
आईसाठी घेणाऱ्यांना: मोठ्याने वाचून दाखवायची सोय मराठीत आहे. सेटिंग्जमध्ये टेक्स्ट टू स्पीच शोधा, गूगलचं इंजिन, भाषा मराठी, व्हॉइस डेटा उतरवून घ्या. मग नेट नसलं तरी वाचतं. वेग 0.8-0.9 ठेवा. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) आणि युनिकोड पीडीएफला चालतं, वरच्या कचऱ्याला अर्थातच नाही.

सुपारी
वजन!! 11 इंची टॅब पाचशे ग्रॅमच्या आसपास, झाकणाचं कव्हर घातलं की पाऊण किलोच्या घरात. एका हाताने झोपून वाचणं विसरा. मनगट बोलायला लागतं. पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड असतो ना, तो उत्तम. फक्त खालची पट्टी उंच असेल तर उभ्या टॅबचं चार्जिंग पोर्ट झाकलं जातं, उलटा ठेवा.

कडीपत्ता
तो स्टँड कुठे मिळतो? तुळशीबागेत बघितला नाही

सुपारी
पूजासाहित्याच्या दुकानात विचार. नाहीतर देवळाबाहेर धार्मिक पुस्तकं विकतात तिथे. मोठ्या मापाचा घे, छोट्यावर टॅब डुलतो.

पानगळ
रात्री वाचणाऱ्यांनी: ब्राइटनेस तळाला नेला तरी डोळ्यांवर येत असेल तर अँड्रॉइड 12 पासून एक्स्ट्रा डिम आहे, आयपॅडला रिड्यूस व्हाइट पॉइंट. अ‍ॅमोलेड स्क्रीन कमी उजेडात लुकलुकते, काहींना त्याने डोकं दुखतं. त्यांनी ब्राइटनेस निम्म्याच्या वर ठेवून डिम वापरावं किंवा सरळ एलसीडी घ्यावी. कागदासारखी वाटणारी मॅट फिल्म चकाकी घालवते, पण पांढऱ्या पानावर रवाळ कण दिसतात. बारीक अक्षरवाल्यांनी टाळावी.

बांधबंदिस्ती
नुसत्या कादंबऱ्या वाचायच्या असतील तर किंडल बरं, उन्हात गॅलरीत वाचता येतं. पण 6 इंचावर ए-फोर 43 टक्के, 12 चं अक्षर 5 पॉइंट. पीडीएफचा नाद सोडा. ईपब चालतं, सेंड टू किंडलने मेलवरून 50 एमबीपर्यंत. त्यावरचा ब्राउझर आहे म्हणायला आहे.

निवांत
आणि ओटीटी?

खटपट्या
धागा वाचनाचा आहे हो! बरं, घ्या: डीआरएम इन्फो अ‍ॅप टाकून वाइडवाइनची (ओटीटीच्या व्हिडिओचं नक्कल-संरक्षण) पातळी बघा. एल1 हवी. एल3 असेल तर नेटफ्लिक्स 480 च्या वर जात नाही, स्क्रीन कितीही भारी असू दे. परत करायची मुदत संपायच्या आत बघा.

निवांत
एल3 😐