मदत हवी आहे : सार्वजनिक संगणकावर पासवर्ड टाइप केला, कीलॉगरचा संशय आहे

नमस्कार. गेल्या आठवड्यात एक अर्ज तातडीने पाठवायचा असल्यामुळे मी एका वाचनालयातील संगणकावर माझे ईमेल उघडले. काम आटोपल्यावर खाली पडलेले पेन उचलायला वाकले, तेव्हा कीबोर्डची वायर संगणकाला थेट जोडलेली नसून मध्ये अंगठ्याच्या पेराएवढा काळा तुकडा बसवलेला दिसला. तो साधा जोडही असू शकेल. पण हार्डवेअर कीलॉगर हुबेहूब असाच दिसतो, आणि दाबलेली प्रत्येक कळ तो स्वतःच्याच मेमरीत साठवत असल्यामुळे अँटिव्हायरसला सहसा त्याचा पत्ता लागत नाही. तेथील कर्मचाऱ्यांना मी तो लगेच दाखवला.

घरी येताच मी पासवर्ड बदलला, आणि चूक झाली ती इथेच, असे आता वाटते. आमच्या घरच्या विंडोज संगणकावर मुलाने काही महिन्यांपूर्वी एका खेळाची क्रॅक केलेली प्रत उतरवून चालवली होती. सॉफ्टवेअर कीलॉगर, म्हणजे कळांची नोंद ठेवणारे छुपे प्रोग्राम, बहुधा अशाच वाटेने घरात शिरतात, आणि घरातले सगळेच ॲडमिन खाते वापरत असल्यामुळे त्याला अडवणारे फारसे काही नव्हते. म्हणजे नवा पासवर्डही मी कदाचित चोराच्याच हाती दिला. काल फोनवरून तो पुन्हा बदलला, सर्व उपकरणांवरून लॉगआउट केले आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू केली. रिकव्हरीचा ईमेल पत्ता आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम कोणी घालून ठेवला आहे का, हेही तपासले. तसे काही आढळले नाही.

आता माझ्या शंका. पडद्यावरील कीबोर्ड माउसने वापरावा असा सल्ला अनेकजण देतात. वायरीतल्या उपकरणाला तो चकवतो हे खरे, परंतु सॉफ्टवेअर कीलॉगर पडद्याची छायाचित्रे घेऊ शकतो, क्लिपबोर्ड वाचू शकतो आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर जसाच्या तसा उचलू शकतो, त्यामुळे या सल्ल्यावर माझा फारसा भरवसा नाही. यंत्राची मागची बाजू बघून घेणेही पुरेसे वाटत नाही, कारण उपकरण कीबोर्डच्या आतही बसवता येते. १९८४ साली मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीच्या आयबीएम सिलेक्ट्रिक टंकयंत्रांत दडवलेली सोव्हिएत उपकरणेसुद्धा क्ष-किरण तपासणीतच उघडकीस आली होती.

द्विस्तरीय पडताळणीच्या ॲपमधला सहा अंकी कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो, म्हणून नुसता पासवर्ड चोरून भागत नाही, एवढे मला समजते. पण संगणकच बाधित असेल तर लॉगिननंतरची सेशन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमध्ये राहणारी खूण) चोरून हा टप्पाही टाळता येतो ना? फोनवरील पासकीने (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीने) क्यूआर कोड स्कॅन करून लॉगिन केले, तर टाइप करण्यासारखे काही उरत नाही. मात्र सेशन त्याच परक्या यंत्रावर उघडे राहते, तेव्हा कुकीचा धोका तिथेही तसाच राहतो का?

घरच्या संगणकाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी आहे. विंडोज सुरू न करता थेट यूएसबीवरून चालणाऱ्या अँटिव्हायरसने केलेली तपासणी निर्दोष आली, तर त्यावर विसंबावे, की डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकावे? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. तसे केल्यास छायाचित्रे आणि कागदपत्रांखेरीज आणखी कशाचा बॅकअप घेणे सुरक्षित ठरेल, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले सगळेच पासवर्ड बदलावे लागतील का?